तळमजल्यावर हवापालट

खुर्ची दारात तयार होती. तिच्या दोन्ही अंगांना जगदीशने हिरवे बांबू बांधले होते, सुतळीचे चांगले घट्ट वेढे देऊन. गिरणीत फिटर होता तो. त्याचं काम कधी ढिलं नसायचं. त्याचे चार मित्र बाह्या सरसावून जिन्याशी उभे होते.

त्याच्या वडिलांनी, गुणाजींनी, खाटेवरून एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"मी येवचंय नाय."

आता आली का पंचाईत! या हवापालटासाठी जगदीशने किती दिवस डोकं खाजवलं होतं. आईवडिलांनी जरा मोकळ्या हवेत निवांत बसावं, एवढीच त्याची हौस. पण दोघांचेही गुडघे गेलेले. गावी न्यावं, तर बोट बंदराला लागत नाही, भर पाण्यात छोट्या पडावात उतरावं लागतं. लोणावळ्याला न्यावं, तर स्टेशनातले जिने. अशात तळमजल्यावरचे कोंडीराम पुतणीच्या लग्नाला गावी निघाले आणि खोलीची किल्ली जगदीशच्या हातात ठेवून गेले. काळाचौकीच्या त्या चाळीत सुट्टीच्या दिवसांत किल्ल्या शेजारीच राहायच्या. जगदीशला एकदम सुचलं. हवापालट तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर! दारापुढे ओटा, ओट्यापुढे रस्ता. आणि त्या रस्त्यावरून उद्या मिरवणूक जाणार होती, कारण उद्या मुंबईसह महाराष्ट्र होणार होता.

मिरवणुकीचं नाव काढताच गुणाजी खुलले होते. इतकी वर्षं त्यांनी मोर्चे नुसते ऐकले होते. खोली मागच्या अंगाला, त्यामुळे घोषणा कानावर यायच्या, माणूस एक दिसायचा नाही. सगळी चाळ रस्त्यावर आणि आपण खाटेवर, हे त्यांना फार लागायचं. म्हणून तर उद्याची मिरवणूक त्यांना डोळ्यांनी पाहायची होती.

"बाबा, सकाळपासून तुम्हीच घाई करत होता. आता काय झालं?"

"ते बांबू बघ. ती सुतळी बघ." गुणाजी भिंतीशीच बोलले. "चौघांच्या खांद्यार मी एकदाच चढतलंय. तो दिवस अजून येवक नाय."

जगदीशने आपल्याच कामाकडे पाहिलं आणि जीभ चावली. एका मित्राला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घालवलं.

राधाबाई गावाला निघाल्यासारख्या ट्रंक भरून बसल्या होत्या. त्यांनी पानाचा डबा उघडला, विडा केला आणि नवऱ्यापुढे धरला.

"खावा."

"आता?"

"आताच. बांबू सोड रे जग्या. दोघांनीच उचला, खुर्चीचे हात धरून." मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही पान चघळत उतरा. वाटेत बोलत रवा. जो दिसात तेच्याशी भांडा. मगे बघूया कोणाची छाती होता, गुणाजी गेलो म्हणूक!"

गुणाजींनी जरा विचार केला आणि विडा तोंडात घातला.

दुसऱ्या मजल्यावर त्यांनी कांताला जिन्यात शेगडी ठेवल्याबद्दल फैलावर घेतलं. तिने ऐकून घेतलं, आत गेली आणि दह्याची वाटी घेऊन आली. प्रवासाला निघालेल्यांच्या हातावर दही नको का? गुणाजींच्या तोंडात पान, म्हणून त्यांच्या वाटचंही राधाबाईंनीच खाल्लं. पहिल्या मजल्यावर हुतुतूच्या कुठल्याशा जुन्या सामन्यावरून दत्तारामाशी जुंपली. दत्तारामही हटेना. शेवटी खुर्ची खाली टेकवावी लागली. मागून राधाबाई कठडा धरून, एकेका पायरीवर बूड टेकत, मजेत उतरत होत्या. गॅलरीतून बायका ओरडल्या, "पोचल्यावर कळवा हो!"

रात्री दोघांना ओट्यावरच्या वाऱ्याने छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक आली. लेझीम, ढोल, गुलाल. गुणाजी ओट्यावर खुर्चीत सकाळपासून बसले होते, धुतलेलं धोतर नेसून. पण माणसं इतकी लोटली की ओट्यापुढे भिंतच उभी राहिली. त्यांना झेंड्यांची टोकं दिसत होती, बाकी नुसत्या पाठी. त्यांनी मान उंच केली. हातांवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसले. तिसऱ्या मजल्यावर ऐकू येत होतं तेवढंच इथेही ऐकू येत होतं. जगदीशला वडिलांच्या तोंडाकडे बघवेना.

गुणाजींनी काठी ओट्यावर आपटली.

"जग्या! ते बांबू खंय ठेवलंस?"

"कुठले बांबू?"

"कालचे! आण. बांध परत. आणि दोघांनी भागाचा नाय. चार जण येवा, चार!"

सुतळीची गाठ मारताना जगदीशचे डोळे भरून आले. गाठ मात्र पक्की बसली. चौघांनी बांबू खांद्यावर घेतले आणि गुणाजी सगळ्या डोक्यांच्या वर आले. कुणीतरी त्यांच्या हातात झेंडा दिला, कुणीतरी गुलाल फासला. राधाबाईंनी दिलेलं पान गालात धरून ते काय ओरडत होते ते कुणालाच कळलं नाही, पण लोकांनी 'जय' म्हणून साथ दिली. मिरवणूक पुढे सरकली, तिच्याबरोबर खुर्चीही, आणि बघता बघता वळणाआड गेली.

वरून कांता धावत आली.

"काकू, अहो, काकांना पार लालबागच्या बाजूला घेऊन गेले की!"

राधाबाईंनी ओट्यावर पाय लांब सोडले होते. त्यांनी डबा उघडला आणि एका पानाला चुना लावायला घेतला.

"जावंदेत," त्या म्हणाल्या. "परत येतले ते."