पहिला पहारेकरी

सोळाव्या सोमवारचा चुरमा वाटीत घेऊन मी ह्यांच्यामागे उभी राहिले. मीरा रोडच्या घरात भाच्याने जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर ह्यांचा बंदुकीचा खेळ चालला होता. पडद्यावरच्या अंधाऱ्या बोळात कुठेतरी पाणी ठिबकत होतं, दाराशी एकटा पहारेकरी उभा होता. ह्यांनी गोळी झाडली, तो कोसळला. लगेच ह्यांनी खेळ पहिल्यापासून लावला. “अहो, महिना झाला, पुढे का जात नाही? भाचा हसतो, मामा अजून पहिलीतच म्हणून.” “पुढे गेलो की हा मेलेलाच राहतो,” हे म्हणाले. “पहिल्यापासून लावला की बघ, पुन्हा उभा.” हे पोलिसात. दीड महिन्यापूर्वी दंगलीच्या बंदोबस्तात ह्यांच्या गोळीने दूध आणायला निघालेला माणूस गेला होता. “प्रसाद घ्या.” “काय मागितलं होतंस महादेवाकडे?” वाटी माझ्या हातातच राहिली. सोळाही सोमवार मी एकच मागितलं होतं, ह्यांना सुखरूप ठेव.