लागलेलं दूध

बायको हात वर करून उभी राहिली, तसा गटारांचा मिस्तरी खुर्चीतून अर्धा उठलाच. चार माणसांत तोंड न उघडणारी ही बाई आज भरसभेत उभी!

सभा सांडपाण्याच्या दरवाढीसाठी होती. शहराखालची विटांची गटारं पणजोबांच्या वयाची. दर महिन्याच्या बिलात थोडी वाढ झाली, तर ती बदलता येणार होती. नाहीतर मिस्तरीने आणि त्याच्या सोबत्यांनी खाली उतरायचं, ढासळलेलं लिंपायचं आणि जिवंत वर यायचं, हे आहेच. गेल्याच महिन्यात त्याचा जोडीदार खाली कमरेपर्यंत गाडला गेला होता. कसाबसा ओढून काढला.

पण लोक ऐकायला तयार नव्हते. "आमच्या खिशाला कात्री कशाला?" किराणा दुकानदार गरजला. "सगळं छान वाहतंय. कुणाला कधी वास तरी आलाय का?" टाळ्या पडल्या.

पालिकेचा नोकर म्हणून मिस्तरीला बोलायची सोय नव्हती. पण बायको तरी काय बोलणार? तिला जन्मापासून वासच येत नव्हता. खरं तर त्यावरच त्यांचा संसार उभा होता. त्याचं काम ऐकून मुली नाक मुरडायच्या. ही मात्र पहिल्याच भेटीत म्हणाली होती, "मला वास येतच नाही. तुम्ही खुशाल घरी या." तेव्हापासून तो संध्याकाळी निर्धास्त घरात शिरे, तिच्याजवळ बसे, लेकीला मांडीवर घेई. शेगडीवर दूध लागायचं आणि हिला पत्ताच नसायचा. तोच धावत जाऊन पातेलं उतरवी आणि तिला 'नकटी' म्हणून चिडवी.

"मला येतो वास," बायको म्हणाली. "रोज संध्याकाळी माझ्या दारातून आत येतो. तुमच्या सगळ्यांच्या घरचा. हे अंग घासघासून धुतात, तरी उशीला राहतो. त्याचं मला काही नाही. ज्या संध्याकाळी तो येणार नाही ना, तिची भीती वाटते."

ती खाली बसली. मग हात वर होऊ लागले. दुकानदाराने काही हात वर केला नाही, पण दरवाढ थोडक्या मतांनी मंजूर झाली.

घरी जाताना मिस्तरी तिच्यापासून हातभर लांब चालत होता. इतक्या वर्षांची लाज एकदम अंगावर आली होती. तिने बाही धरून त्याला जवळ ओढलं.

गल्लीच्या तोंडाशी त्याने विचारलं, "आणि मग ते दूध?"

"मुद्दाम लागू द्यायचे," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही लांब बसला असता."