डॉ. ओ’हो यांचा पूल

“क्षीरसागर,” अलकाताईंनी तिसऱ्यांदा सांगितलं. “डॉक्टर क्षीरसागर. नऊ वर्षं याच गावात होते.”

कॅफेतल्या मुलीने मान तिरकी करून ऐकलं, गोड हसली आणि सॉरी म्हणाली. हे नाव तिच्या कधी कानावर आलं नव्हतं.

अलकाताईंना त्या हसण्याचाच राग आला. सकाळपासून सगळं गाव असंच हसत होतं. उत्तर आयर्लंडमधलं एवढंसं बॅलीकॅरन. तळ्याकाठी रंगीत दारांची घरं, खिडकीखिडकीत फुलांच्या कुंड्या आणि वेशीवर, नीटनेटकेपणासाठी मिळालेल्या बक्षिसाची पाटी. पोस्टात विचारलं, तिथली बाई हसली. चर्चबाहेर गवत कापणाऱ्याला विचारलं, तोही हसला. ह्यांचा दवाखाना होता तिथे आता कुत्र्यांचे केस कापायचं दुकान होतं. फोटो काढायला छान गाव, बाकी काही नाही.

त्यांच्या मांडीवरच्या पिशवीत स्टीलचा डबा होता. “माझी थोडी राख बॅलीकॅरनच्या तळ्यात सोड,” जाण्याआधी ह्यांनी एवढंच मागितलं होतं. त्यासाठी त्या लंडनमधल्या हाउन्सलोहून आल्या होत्या आणि मुलगा अंबरीश एडिनबराहून. अंबरीशचा जन्म इथलाच, पण गाव सोडलं तेव्हा तो दुपट्यात होता.

“आई, चाळीस वर्ष झाला,” तो म्हणाला. “पीपल फर्गेट. लोक विसरते.”

“विसरतात,” त्यांनी सवयीने दुरुस्त केलं. “खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं ही. मोजतसुद्धा नाहीत, विसरूनच जातात.”

मुलीला बहुधा वाईट वाटलं असावं. स्कोनची बशी ठेवता ठेवता ती म्हणाली, “जुन्या काळातले डॉक्टर म्हणजे आमच्याकडे एकच, डॉ. ओ’हो. मागच्या ओढ्यावरच्या पुलाला त्यांचंच नाव आहे. माझी आजी दर ख्रिसमसला त्यांच्या नावाने मेणबत्ती लावायची.”

“ओ’हो?” अलकाताईंनी अंबरीशकडे पाहिलं.

“आयरिश सरनेम असेल. ओ’नील, ओ’कॉनर, तसा.”

“एका हिवाळ्यात ओढ्याला पूर आला,” मुलगी रंगात आली. “पलीकडे माझी आजी बाळंतपणात अडली होती. रस्ता बंद. तर डॉक्टर ट्रॅक्टरच्या पुढच्या, माती उचलायच्या बकेटमध्ये बसून पलीकडे गेले, मांडीवर बॅग घेऊन. ते बाळ म्हणजे माझी आई! त्यानंतरच तो पूल झाला.”

अलकाताईंचा कप बशीवर आपटला. बकेटमध्ये बसून गेलेला माणूस सकाळी घरी आला, तेव्हा त्याची चिखलाने भरलेली पँट त्यांनीच धुतली होती. दोनदा.

“ते माझे मिस्टर होते!” त्या इंग्रजीत कडाडल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईने चमचा खाली ठेवला.

मुलगी गोंधळली. “हो का? म्हणजे ते डॉ. ओ’हो यांचे असिस्टंट होते का?”

असिस्टंट! अलकाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. चिखल तुडवायला ह्यांनी, ताप उतरेपर्यंत पोरांच्या उशाशी बसायला ह्यांनी, आणि पाटीवर नाव कुणाचं? कुठल्याशा ओ’होचं! राबायला परका चालतो, गौरव मात्र घरच्याचा. त्यांना रडू येत होतं आणि रडू येतंय याचाही संताप येत होता.

“ऊठ,” त्या पिशवी छातीशी धरून म्हणाल्या.

“आई, पण बाबाचा विश होता ना? त्यासाठीच तर आपण आला.”

“बाबांची. ज्यांनी त्यांचं नाव पुसलं, त्यांच्या पाण्यात मी त्यांना सोडून जाणार नाही. हा डबा माझ्याबरोबर घरी येणार. विषय संपला.”

“ते अपसेट झाले असते.”

“होऊ देत. भाबडे होते ते. मी नाही.”

त्या दारापर्यंत पोचल्या तोच बाहेरून एक म्हातारा काठी टेकत आत आला. त्यांना वाट द्यायला तो बाजूला सरकला, आणि मग त्यांच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघतच राहिला. त्याने डोक्यावरची टोपी काढली.

“मिसेस ओ’हो!”

“मी मिसेस क्षीरसागर आहे,” त्या फणकारल्या. “वाट सोडा.”

“तेच! तेच ते नाव!” म्हाताऱ्याने काठी जमिनीवर आपटली. “मी पॅट, दवाखान्याच्या पलीकडच्या घरातला. पितळी पाटीवर होतं ना ते नाव. गावात एकालाही म्हणता यायचं नाही. शेवटी, तुम्ही ज्या नावाने त्यांना हाक मारायचात, तेच आम्ही उचललं. डॉक्टरांना कळलं तर ते हसून हसून बेजार. म्हणाले, हिच्या कानावर मात्र घालू नका, लाजेल आणि हाक मारायची थांबेल.”

अलकाताई जागीच उभ्या राहिल्या. “मी कुठल्या नावाने हाक मारायचे?”

म्हाताऱ्याने एक हात तोंडाशी धरला आणि रस्त्याकडे वळून लांब हेल काढला, “ओ’होऽऽ! पाना वाडलीऽऽत!”