थेथच्या घाटातून परतलेली गाडी

श्कोदर गावात माझं भाड्याच्या गाड्यांचं दुकान आहे. परवा सिग्ने आणि तोवे या दोन डॅनिश बहिणी थेथच्या डोंगरात जायला गाडी मागू लागल्या. माझा भाऊ झेफ म्हणाला, "बायांनो, घाट अवघड आहे. ड्रायव्हर म्हणून मी येतो की!"

"छे! आम्हीच चालवणार. खरी मजा त्यातच आहे," म्हणत त्या हसत निघाल्या.

आज दुपारी गाडी दारात येऊन थांबली. दोघी धावतच आत आल्या. आनंदानं त्यांचे गाल लाल झाले होते.

"द्रांदे, काय तो घाट! आणि आमच्या सिग्नेनं काय झोकात चालवली गाडी!" तोवे मला म्हणाली.

"मी? चल, काहीतरीच! जाता-येता तूच चालवत होतीस. मी मागे बसून दऱ्या बघत होते."

"अगं, मागे तर मी होते. तुझ्याच शेजारी!"

दोघी खो-खो हसल्या. मलाही हसू आवरेना.

झेफ मात्र हसला नाही. "द्रांदे, आत्ता या दोघी मागच्याच दारांनी उतरल्या," तो हळूच म्हणाला. "मी बघितलं."

"किल्ली कुणाकडे आहे?" मी विचारलं.

दोघी खिसे चाचपू लागल्या.

बाहेर गाडी अजून चालूच होती. मग तिचा हॉर्न वाजला, दोनदा, खोळंबलेला ड्रायव्हर वाजवतो तसा.