चढाई

"तुळसा, जा!" म्हणत आश्रमशाळेच्या ताईंनी तिला चढाईला धाडलंच. स्वतःचं नाव सांगतानाही जीभ अडखळायची, म्हणून वर्गात ती तोंडच उघडत नसे. आता साऱ्या मैदानासमोर बोलायचं?

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." अगं बाई, शब्द कुठे अडेचनात! एकीला शिवली, दुसरीला हुलकावणी दिली, तिसरीच्या मिठीतून निसटून मध्यरेषेवर झेपावली. शिट्टी वाजली तरी ही खिदळत, कबड्डी-कबड्डी करत मैदानभर पळतेच आहे!

निवेदकाने तिच्यापुढे माइक धरला. "नाव काय, बाळा?"

"तु... तु..." कोणीतरी फिसकन हसलं. तुळसाही हसली. "तु... तुळसा!"

टाळ्या पडल्या. निवेदक माइक घेऊन वळला, तशी तिने तो मागे खेचला.

"थ... थांबा की, सर! आ... आडनाव राहिलंय!"