वाट्याचा पाव

कोझारा डोंगरात लपून लढणाऱ्या पार्टिझन बंडखोरांनी पहाटे छळछावणीचं फाटक उडवलं आणि पहारेकरी पळाले. त्या बंडखोरांतला स्टोयान आपल्या बायकोला, डेसांकाला, हाका मारत बायकांच्या बराकीत शिरला. येला नावाची म्हातारी कैदी भिंतीला धरून उठली. "तू स्टोयान ना? बस, लेकरा. परवा गेली ती." तो मटकन बसला. "आजारी होती?" "उपाशी होती. वाट्याचा पाव निम्मा बाजूला ठेवायची. म्हणायची, माझा माणूस डोंगर उतरून येईल, भुकेला असेल." येलानं गवताच्या गादीखालून फडकं काढलं. त्यात मक्याच्या पावाचे वाळके तुकडे होते. आसपासच्या बायकांची नुसती हाडं उरली होती, तरी एकीनंही हात लावला नव्हता. स्टोयाननं फडकं त्यांच्यापुढे सरकवलं. कुणीच हलेना. "आम्ही तिला शब्द दिलाय," येला म्हणाली, "तू खा, आम्ही बघतो." सगळ्या बघत राहिल्या आणि तो एकेक तुकडा गिळत राहिला.