पहिलं पाखरू

नैवेद्याला कावळा शिवत नव्हता. येळ्ळूरच्या स्मशानात ऊन डोक्यावर आलं, मालुबाईंच्या आवडीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाळत चालली, तरी समोरच्या बाभळीवर एक पंख हलेना.

घरचे एकेक करून पुढं झाले आणि रीतीप्रमाणं गेलेल्या जिवाला शब्द देऊ लागले. थोरला युवराज म्हणाला, "आई, आप्पाला मी अंतर देणार न्हाय." कुणी म्हणालं, धाकट्या नीलमचं लगीन थाटात करू. सगळ्यात जास्त वेळ वाकून होते ते मालुबाईंचे नवरे, शामूआप्पा. तरी कावळा आला नाही. शेवटी पान गाईला दिलं.

त्या दिवसापासून आप्पांचं जेवण तुटलं. रोज गच्चीच्या कठड्यावर भाताचा घास ठेवायचे आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आभाळाकडं बघत बसायचे.

"आप्पा, दोन घास खा की."

"तिनं खाल्ल्याबगर? तुझी आई अजून रुसलीया रं."

महिन्याभरात त्यांच्या अंगावरचा सदरा खुंटीला अडकवल्यासारखा दिसू लागला. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, जेवण हवं.

युवराजचा बेळगावात उद्यमबागेत छोटा कारखाना होता. त्यानं गाडीच्या वायपरची मोटर घेतली, रेक्झिनचे पंख कातरले, आवाजासाठी चामड्याचा लहानसा भाता बसवला. गच्चीवरच्या टाकीमागून तो कावळा सळईवर पुढं सरकायचा, घासाला चोच मारायचा, ओरडायचा आणि मागं जायचा.

"दादा, पाप लागंल," नीलम म्हणाली.

"लागू दे. आप्पा जगला पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कावळा शिवला. आप्पा कठड्याला धरून उठले आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग सावकाश जिना उतरून खाली आले.

"नीलम, वाढ गं. लई भूक लागलीया."

युवराजनं गच्चीवरच तोंड दाबून रडून घेतलं. भावाबहिणीनं ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नाही. आप्पाही त्याबद्दल कुणाशी बोलले नाहीत.

कोगनोळीजवळ हायवेला रविराज नावाचे एक मालक करमणुकीची बाग उभारत होते. कारंज्याचा पंप दाखवायला ते कारखान्यात आले आणि टेबलावर उघडून ठेवलेला कावळा बघून थबकले.

"हे गातंय काय?"

"कावळा कुठला गातोय, साहेब? बुलबुल करता येईल."

वर्षभरात बुलबुल झाला, दयाळ झाला, कोकीळ झाला. भात्यांच्या वाऱ्यावर गाणाऱ्या पाखरांचं अख्खं दालन उभं राहिलं.

इकडं आप्पांनी कामांचा सपाटा लावला. शेताच्या वाटण्या केल्या, भांडणं मिटवली, नीलमसाठी खानापूरकडचं स्थळ स्वतः जाऊन बघून आले. डोळ्याच्या ऑपरेशनला तेवढे नको म्हणाले. "हाय एवढं बास."

नीलमचं लगीन रविवारी लागलं आणि सोमवारी दालनाचं उद्घाटन झालं. लग्नाला गुंजीहून आलेली आप्पांची बहीण जयाबाई युवराजच्या गाडीतून बागेत आली. पाखरं एकदम गाऊ लागली तसा तिनं तोंडाला पदर लावला.

"तुझ्या आईनं बघाया पायजे हुतं रं."

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, असं युवराजला वाटलं. त्यानं तिला दाराशी बसवलेला कावळा दाखवला. "आत्ती, ह्या सगळ्यांचा बाप ह्यो," असं म्हणून गच्चीवरची गोष्ट हसत हसत सांगितली.

जयाबाई हसली नाही.

"आप्पा कुठं हाय?"

"घरीच. म्हणाला, तुमी व्हा फुडं, माझं एक काम ऱ्हायलंय."

"फोन लाव त्येला. आधी फोन लाव!"

फोन वाजत राहिला. त्यानं पुन्हा लावला. डोक्यावर बुलबुल गात होता.

"झालं काय, आत्ती?"

"त्या दिवशी पानाजवळ मी त्येच्या शेजारीच हुतो. 'मालू, एकदा शिव. नीलमचं लगीन उरकलं की दुसऱ्या दिवशी तुझ्यामागनं येतो,' असा शब्द दिलता त्येनं." तिनं युवराजचं मनगट घट्ट धरलं. "कावळा आला न्हाय म्हणून तुमी समदी रडला. मी एकटीनं देवाला हात जोडलंतं."